खतानंच उत्पादन वाढलं कशावरून?

नमस्कार श्रोतेहो. सांगली-मिरजेच्या अभ्यासिकांत बसून बँकेच्या पीओ म्हणजे अधिकारीपदाच्या परीक्षेची किंवा एमबीए प्रवेशासाठीच्या जीमॅटची तयारी करणाऱ्यांसाठी आज एकच प्रश्नप्रकार घेऊ या: दिलेला युक्तिवाद कमकुवत करणारा पर्याय निवडा. कागद-पेन हाताशी ठेवा, उदाहरण सावकाश सांगते.

समजा, उतारा असा आहे. तासगाव तालुक्यातल्या काही बागायतदारांनी द्राक्षबागेला नवं खत घातलं. खत न घालणाऱ्या शेजाऱ्यांपेक्षा त्यांचं सरासरी एकरी उत्पादन जास्त आलं. म्हणजे या खतामुळेच उत्पादन वाढलं.

पहिली दोन वाक्यं पुरावा, तिसरं निष्कर्ष. पुराव्याशी भांडायचं नाही. उत्पादन जास्त आलं, मान्य. पण त्याचं श्रेय खतालाच का? इथं एक गोष्ट न बोलता धरून चालली आहे: दोन्ही गटांत खताशिवाय दुसरा फरक नव्हता. घाव घालायचा तो इथं. पर्यायांकडे वळण्याआधी हे गृहीतक चार शब्दांत लिहून काढा. ही सवय नसेल तर प्रत्येक पर्याय थोडाथोडा बरोबर वाटायला लागतो.

आता पर्याय ऐका. एक, हे खत फार महाग आहे. दोन, गेल्या वर्षी खत नसताना दोन्ही गटांचं उत्पादन सारखंच होतं. तीन, खत घालणाऱ्या बहुतेकांनी बागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन केलं होतं, तर शेजाऱ्यांच्या उघड्या बागांत अवकाळी पावसानंतर द्राक्षाचं नुकसान करणारा डाऊनी रोग पसरला. चार, खत घातलेल्या एका बागेत उत्पादन घटलं.

महाग असणं हा नफ्याचा मुद्दा झाला, निष्कर्ष मात्र उत्पादनाबद्दल आहे. एका बागेत घट आली तरी गटाची सरासरी जास्त असू शकते, म्हणून चौथाही गेला. सगळ्यात फसवा दुसरा. तो विषयाला अगदी धरून आहे, पण उलट्या दिशेनं: दोन्ही गट आधी सारखे होते म्हटल्यावर खताची बाजू बळकट होते. घाईत आपल्याला काय शोधायचंय हेच विसरायला होतं. त्यासाठी प्रश्न वाचल्याबरोबर कागदावर खाली जाणारा बाण काढा.

उत्तर तिसरं. जास्त उत्पादनाचं दुसरं कारण त्यानं पुढे आणलं. त्यामुळे खत निरुपयोगी ठरलं का? नाही, आणि तसं ठरायची गरजही नाही. निष्कर्षावरचा विश्वास कमी झाला की काम झालं. 'यानं काही सिद्ध होत नाही' म्हणून हुशार मुलंही बरोबर उत्तर खोडतात, याचं फार वाईट वाटतं. आणखी एक: पर्यायातली माहिती खरी मानूनच चालायचं. खरंच पाऊस पडला होता का, हा विचार तिथं करायचा नाही.

प्रश्नात 'अपवाद' हा शब्द दिसला तर त्याला गोल करा. तिथं कमकुवत न करणारा पर्याय हवा असतो.

वेळेचं म्हणाल, तर जीमॅटच्या व्हर्बल विभागात 45 मिनिटांत 23 प्रश्न असतात, म्हणजे एकाला दोन मिनिटांहूनही थोडं कमी. पण सुरुवातीचे पंधरा-वीस प्रश्न घड्याळ न लावता सोडवा, आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो का चुकला ते एका ओळीत लिहा: विषयाबाहेर, उलट्या दिशेचा, की एकट्यादुकट्या उदाहरणाचा.