मागचं चाक, ताडपत्री आणि बावड्याची वाट

[दृश्य: पहाट, रंकाळ्याचा काठ. जुनी २६ इंची सायकल, कॅरियरच्या दोन्ही अंगांना पिशव्या.]

कोल्हापूर ते गगनबावडा ५५ किलोमीटर. फुलेवाडी, बालिंगा, कळे, असळज. ओझं लादून निघालात तर पूर्ण दिवस धरा. एवढ्यासाठी नवी सायकल लागत नाही. गियरची जुनी लोखंडी सायकल पुरते. हाताशी पैसे थोडे असतील तर तंबू राहू द्या, ते मागच्या चाकात घाला.

[दृश्य: चाकाचा क्लोज-अप. बोटांनी तारा छेडल्या जातात.]

कारण बहुतेक ओझं त्याच चाकावर येतं. फ्रीव्हीलला (मागच्या चाकावरच्या, साखळी बसते त्या दातेरी चकत्यांना) जागा हवी म्हणून उजवीकडच्या तारा जास्त उभ्या आणि जास्त ताणलेल्या असतात. त्यामुळे तुटते ती बहुधा उजवीकडचीच, आणि ती बदलायला आधी फ्रीव्हील काढावं लागतं. वाटेतल्या दुकानात स्पोक पाना मिळेल, पण तुमच्या फ्रीव्हीलला बसणारा पुलर, म्हणजे ते काढायचं हत्यार, असेलच असं नाही. तो आपला आपण न्यायचा. त्याच मापाच्या तीन तारा फ्रेमला चिकटपट्टीने बांधून ठेवायच्या.

तार तुटली की रिम तिथे डावीकडे सरकते आणि ब्रेकच्या गुटक्याला घासायला लागते. तुटलेल्या तारेच्या शेजारच्या, डाव्या बाजूच्या दोन तारा अर्धा अर्धा फेरा सैल करा, ब्रेक थोडा उघडा, आणि गावापर्यंत सावकाश जा. निघण्याआधी सगळ्या तारा छेडून बघा. एका बाजूच्या तारांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. एखादी भदभद वाजली तर ती सैल आहे, आउट काढून घ्या, म्हणजे तारा आवळून चाक सरळ करून घ्या.

[दृश्य: दूधवाल्याची सायकल, दोन्ही बाजूंना कॅन.]

सामान कसं लावायचं ते दूधवाल्याकडे बघून शिका. वजन खाली, दोन्हीकडे सारखं, ॲक्सलच्या जवळ. कॅरियरवर उंच गाठोडं रचलं की चढाला हँडल डुलायला लागतं. बाजाराच्या दोन मजबूत पिशव्या घ्या आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळा. दोरीसारख्या त्या सैल पडत नाहीत. पिशवी टाचेला लागत नाही ना, ते पेडल फिरवून बघा. कॅरियरचे नट खड्ड्यांच्या हादऱ्याने ढिले होतात, म्हणून रोज संध्याकाळी पाना लावायचा. पाणी सोडून सामान १२ किलोच्या आत हवं. घोंगडी जड खरी, पण ओलसर झाली तरी ऊब देते. भडंग, शेंगदाणे, गूळ आणि वाटेतली भाकरी एवढं असलं की स्टोव्ह लागत नाही.

[दृश्य: रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. मागून सायकल.]

गळीत हंगामात अंधार पडायच्या आत रस्ता सोडा. ट्रॉलीच्या मागे दिवा असेलच असं नाही, आणि ऊस बाहेर किती आलाय हे अंधारात कळत नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचला मुक्कामाची जागा ठरलेली असावी.

जागा कुठली? उसाच्या कडेला नको. तिथे उंदीर, त्यामागे साप, आणि बिबट्यालाही उसात लपण आयतं मिळतं. शिवाय शेजारच्या वावरात पाचट पेटवलं तर पळता भुई थोडी. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, पात्रात उतरून झोपू नका. वरून पाणी सोडलं किंवा बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढले की पातळी चढते. राधानगरी-दाजीपूरचं अभयारण्य तर सोडूनच द्या. तिथे परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि गवा वाट देत नाही.

राहिलं गाव. देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा किंवा कुणाच्या तरी खळ्याची कड. पोलीस पाटलांना किंवा पुजाऱ्यांना उजेडातच विचारायचं, "पाव्हणं, रातच्याला पडाय जागा मिळंल का?" बहुतेक वेळा जागेबरोबर पाण्याची कळशीही येते.

[दृश्य: जांभ्या दगडाचं पठार. दोरी, दगड, ताडपत्री.]

गगनबावड्याकडे जांभा आहे, खुंटी आत जात नाही. आठ बाय दहा फुटांची ताडपत्री मोठ्या दगडांना बांधा. मधली दोरी एका टोकाला झाडाला, दुसऱ्या टोकाला उभ्या सायकलीला, आणि सायकल दोन्हीकडून ताणून धरा, नाहीतर रात्री ती अंगावर येते. वाऱ्याकडची बाजू जमिनीपर्यंत उतरवा, समोरची उघडी ठेवा. सगळीकडून बंद केलं तर श्वासाची वाफ आत साचते आणि पहाटे तोंडावर टपकते. लोकांना वाटतं ताडपत्री गळते! वाळल्या गवतावर शेकोटी नको, विडीसुद्धा नको.

[दृश्य: सकाळ. धुकं, घाटाचं तोंड.]

खाली कोकणात उतरायचं तर करूळ किंवा भुईबावडा घाट. दरड कोसळून कधी एखादा बंद असतो, म्हणून गगनबावड्यातच विचारून घ्या. उतरताना ब्रेक सतत धरून ठेवला की रिम तापते, ट्यूबवरचं ठिगळ सुटतं आणि चाक बसतं. पुढचा, मागचा असा आलटून पालटून दाबा, वळणाआधी वेग तोडा. मागच्या चाकात बिनठिगळाची ट्यूब घालायची असेल तर ती वरतीच घाला, घाटात थांबायला सपाट जागा फार नाहीत.