खुर्च्या नसलेला ग्रुप फोटो

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. पुढच्या दोन रांगा नेहमीप्रमाणे रिकाम्या आहेत. गंमत बघा, व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसायला कुणी तयार नसतं आणि ग्रुप फोटोत पहिली रांग सोडायला कुणी तयार नसतं. खरं तर माझं आजचं सगळं भाषण एवढंच आहे. पण पाऊण तास दिलाय, तेव्हा लांबवतो.

विषय पत्रिकेत छापलाय: एका शहरातल्या झाडून सगळ्या नाचणाऱ्यांना एका फोटोत कसं आणायचं. तीन गोष्टी सांगणार आहे. त्यांना बोलवायचं कसं, उभं कसं करायचं आणि बटण कधी दाबायचं. तिसरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून ती शेवटी.

तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात, पण पाठीवरून. कार्यक्रमात काळा शर्ट घालून विंगेत आडवा येणारा माणूस तो मी. इतकी वर्षं विंगेतून बघितल्यावर एक गोष्ट लक्षात आली. आपल्या शहरात नाच किती आहे, हे नाचणाऱ्यांनाच ठाऊक नाही. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर कथकचा क्लास, खालच्या मजल्यावर साल्सा. दोघांची ओळख काय, तर ‘वरच्यांचे पाय फार वाजतात’ आणि ‘खालच्यांचं म्युझिक फार वाजतं’. त्यापलीकडे काही नाही. मग वाटलं, निदान एक दिवस, एका फ्रेममध्ये सगळे दिसू देत.

आता पहिला प्रयत्न कसा फसला ते सांगतो. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण अजून माझा राग गेलेला नाही.

झालं असं की मी सगळ्या क्लासच्या प्रमुखांना फोन केले. सगळे ‘वा वा, छान कल्पना’ म्हणाले. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. ठरलेल्या सकाळी दीडशेच्या आसपास माणसं आली. प्रत्येक बॅच आपापले एकसारखे टी-शर्ट घालून आली आणि आपापला घोळका करून उभी राहिली. मैदानावर रंगीत बेटं. तेही मी चालवून घेतलं असतं. पण मदतीला आलेल्या एका उत्साही माणसानं, ज्येष्ठांचा मान राखायचा म्हणून, पुढे खुर्च्या मांडल्या. अकरा. आणि ज्येष्ठ होते तेरा.

(हशा)

तुम्ही हसताय, म्हणजे तुम्ही कधीतरी अशा फोटोत होता. अकरा खुर्च्या आणि तेरा ज्येष्ठ हे गणित कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. एका ताईंनी येता येता मधल्या खुर्चीवर पर्स ठेवली आणि कुणाशी तरी बोलायला गेल्या. दुसऱ्या ताईंनी ती पर्स पाहिली. काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, ‘राहू दे, मी उभी राहते. मला काय!’ हे ‘मला काय’ ज्या सुरात आलं, त्यानंतर त्यांची एकही शिष्या बसेना, त्यांच्यापुढे उभी राहीना, की त्यांच्यापेक्षा वरच्या पायरीवर जाईना. गुरूच्या डोक्यावर उभं कसं राहायचं? एका सरांनी सुचवलं, वयानुसार बसू या. त्यावर एकदम शांतता. कारण वय कुणीच सांगेना. मग कुणी म्हणालं, अनुभवानुसार. आता अनुभव रंगमंचावर पहिल्यांदा उभं राहिल्यापासून मोजायचा की पहिली शिष्या तयार केल्यापासून, यावर चर्चा सुरू झाली. हिप-हॉपवाला एक मुलगा टोपी उलटी घालून पुढे जमिनीवर फतकल मारून बसला होता. त्यानं अगदी निरागसपणे विचारलं, ‘सर, हे खुर्च्यांचं बॅटल कधी संपणार?’

तोवर सावली सरकली होती. मी जागा निवडली होती तेव्हा सगळी माणसं एकसारख्या सावलीत येत होती. आता डावा निम्मा भाग उन्हात, उजवा सावलीत. उन्हातले डोळे बारीक करून बघतायत, सावलीतले काळे पडतायत. तो फोटो माझ्याकडे आहे. दीडशे माणसं, आणि बरोब्बर मध्ये एक रिकामी खुर्ची. ‘तुम्ही बसा’, ‘नाही नाही, तुम्ही बसा’ करत शेवटी त्या खुर्चीवर कुणीच बसलं नाही. तिच्यावर पर्स आहे. इतकी स्वच्छ, इतकी फोकसमध्ये आलेली पर्स मी आयुष्यात दुसरी काढलेली नाही.

घरी येऊन वाटलं, हे आपलंच नशीब. पण नाही, हे दुखणं जुनं आहे. रेम्ब्रांट या डच चित्रकाराचं ते १६४२ सालचं नगररक्षकांचं प्रचंड चित्र सगळ्यांना माहीत असतं. ते मुळात ग्रुप फोटोच. चित्रातल्या लोकांनी वर्गणी काढून करून घेतलेलं. त्यातल्या एकानं पुढे साक्षीत सांगितलंय की माणशी साधारण शंभर गिल्डर पडले, चित्रात कुठली जागा मिळाली त्यानुसार कुणाला जास्त, कुणाला कमी. म्हणजे पुढच्या रांगेला तेव्हा निदान दर तरी होता! आणि फ्रान्स हाल्स, त्याच काळातला दुसरा डच चित्रकार. हा राहायचा हार्लेमला, आणि त्याला १६३३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एका तुकडीचं समूहचित्र काढायचं काम मिळालं. हा म्हणे, तुम्ही माझ्याकडे या. ते म्हणे, तू आमच्याकडे ये. कुणीच कुणाकडे गेलं नाही. शेवटी १६३७ मध्ये पीटर कोडे नावाच्या दुसऱ्या चित्रकारानं ते पुरं केलं. सोळा माणसं एकत्र आणायला चार वर्षं आणि दोन चित्रकार. माझी एक सकाळ गेली, हे त्या मानानं स्वस्तच म्हणायचं.

हार्लेमवरून आठवलं. दुसरं हार्लेम, न्यूयॉर्कमधलं. १२ ऑगस्ट १९५८. आर्ट केन नावाच्या तरुणानं एका मासिकासाठी जॅझ संगीतकारांचा एकत्र फोटो काढायचं ठरवलं. हा माणूस मुळात कला संपादक, छायाचित्रकार म्हणून नवखाच. त्यानं वेळ दिली सकाळी दहाची. रात्री उशिरापर्यंत वाजवणारी ती माणसं. त्यांच्यातल्या एकाला म्हणे आश्चर्य वाटलं की दिवसात दहा दोनदा वाजतात. तरीही फोटोत सत्तावन्न जण आले. घराच्या पायऱ्यांवर आणि पुढच्या फुटपाथवर उभे राहिले. कुणाच्या कुणाशी गप्पा चालूच. डिझी गिलेस्पीनं काहीतरी खोडी काढली असणार, कारण रॉय एल्ड्रिज फोटोत चक्क मान वळवून मागे बघतोय. आणि काउंट बेसी, एवढा मोठा बँडवाला, उभं राहून पाय दुखले म्हणून फुटपाथच्या कडेवर जाऊन बसला. शेजारी गल्लीतली पोरं रांगेनं बसलेली. त्याला खुर्ची नव्हती, आणि फोटोत नजर पहिल्यांदा त्याच्याकडेच जाते.

आता यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. विली ‘द लायन’ स्मिथ, मोठा पियानोवादक, त्या दिवशी तिथे हजर होता. पण उभं राहून कंटाळला आणि शेजारच्या घराच्या पायरीवर जाऊन टेकला. नेमकं त्याच वेळी केननं घेतलेलं चित्र मासिकात निवडलं गेलं. बसायला जागा शोधायला गेला आणि इतिहासातून गेला! हा किस्सा मी त्या पर्सवाल्या ताईंना फोन करून सांगितला. त्या म्हणाल्या, ‘मी पर्स ठेवली होती ना, माझी जागा होतीच.’ याला उत्तर नाही.

हे काय… चिठ्ठी. ‘दहा मिनिटं.’ अहो, मी अजून पहिल्या मुद्द्यावरही आलेलो नाही. बरं, धावतो.

बोलवायचं कसं? क्लासच्या प्रमुखांमार्फत बोलवू नका. बॅच येते, माणूस येत नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही सरळ जाहीर केलं की जो नाचतो त्यानं यावं, कुणाच्या परवानगीची गरज नाही, टी-शर्ट नको. साथीचे वादक, पोशाख शिवणारे, लाइट करणारे, सगळ्यांना बोलावलं. आणि कृपा करून २९ एप्रिल धरू नका. जागतिक नृत्यदिन आहे, १९८२ पासून साजरा होतोय, नोव्हेर या जुन्या फ्रेंच बॅलेगुरूचा जन्मदिवस, सगळं खरं. पण त्या दिवशी एकही नर्तक मोकळा नसतो! साधा, बिनकार्यक्रमाचा दिवस घ्या. आणि ऊन कुठल्या तासाला कुठे येतं ते आठ दिवस आधी, त्याच वेळेला, स्वतः जाऊन बघा. ढगाळ दिवस मिळाला तर नशीब समजा.

उभं कसं करायचं? खुर्ची एकही नको. पायऱ्या शोधा. पायऱ्यांवर उंची आपोआप सुटते आणि मान-अपमान अर्धा होतो, कारण वरची पायरी मोठी की खालची, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. रांगा किंचित गोलाकार ठेवा, म्हणजे टोकाची माणसं कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर राहतात. फार वाइड लेन्स लावू नका, त्यात कडेची माणसं जाड दिसतात. बाकीचे लोक हे माफ करतात, नर्तक करत नाहीत. कॅमेरा डोक्यांच्या वर न्या. आणि नावं तिथल्या तिथे, ज्याच्या त्याच्या हातानं लिहून घ्या. खुर्चीवरून झालेलं भांडण मिटतं, चुकलेल्या नावावरून झालेलं मिटत नाही.

आता बटण. १८३८ मध्ये दागेरनं, म्हणजे फोटोग्राफीच्या आद्य जनकांपैकी एकानं, पॅरिसच्या एका रस्त्याचं चित्र घेतलं. रस्ता गजबजलेला, पण चित्रात ओस दिसतो. तेव्हा एक चित्र उमटायला मिनिटंच्या मिनिटं लागायची, त्यामुळे जो हलला तो पुसला गेला. बूट पॉलिश करून घेत एका जागी थांबलेला एक माणूस तेवढा उरला. फोटोची ही खोड पहिल्यापासूनची: चालणाऱ्याला विसरायचं, थांबलेल्याला लक्षात ठेवायचं. नाचणाऱ्यांचा फोटो काढायला निघालेल्या माणसानं हे विसरू नये. आता शटर वेगवान आहे, कुणी पुसलं जात नाही. पण ‘हलू नका’ म्हटलं की नर्तकाचाही पुतळा होतोच.

आणि डोळे मिटणं. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी याचं गणित मांडलं आणि २००६ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसं भागिले तीन, इतके फोटो काढा म्हणजे एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळतील. पन्नासच्या पुढे आशा सोडा. आम्ही होतो दोनशेच्या घरात.

म्हणून मी ठरवलं, यांना मोजून द्यायचं. नाचणाऱ्याला सगळ्यात जास्त काय कळतं, तर काउंट. मी ओरडलो, ‘पाच, सहा, सात, आठ’, आणि आठवर क्लिक केलं. सगळं फसलं. हिप-हॉपवाले, साल्सावाले, बॅलेवाले ढिम्म उभे. कारण त्यांच्या लेखी पाच-सहा-सात-आठ ही नुसती तयारी, नाच सुरू होतो पुढच्या ‘एक’ला. आणि कथकवाल्या मुली आठवर अजून वाटेतच होत्या. तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, घेतली तर ती समेवर संपणार, म्हणजे पुन्हा ‘एक’लाच. मी चुकीच्या आकड्यावर उभा होतो. एकांचा नाच ‘एक’ला सुरू होतो, दुसऱ्यांचा ‘एक’ला पोचतो. सगळं शहर एका मात्रेवर भेटतं, आणि मी त्याच्या आधीच बटण दाबून मोकळा!

एका तबलेवाल्याला पुढे बसवलं. सात-आठला डोळे मिटा, ‘एक’ला उघडा, बाकी काय करायचं ते तुमचं तुम्ही. तो वाजवायला लागला आणि पायऱ्यांवर एक गोष्ट घडली, ती मी व्ह्यूफाइंडरमधून बघितली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांची वजनं बदलायला लागली. टाचा उचलल्या जात होत्या. एका वयस्क गुरूंचं एक बोट साडीच्या निरीवर टकटक करत होतं, तेवढंच. ‘एक’ला क्लिक केलं. चौथ्या आवर्तनाला फोटो मिळाला. सगळे डोळे उघडे आहेत असं म्हणणार नाही. तिघांचे मिटलेत, त्यात तबलेवाला एक. तो तल्लीन आहे, असं आम्ही सांगतो.

बास, ते अध्यक्ष उठलेच आता. मोठी प्रिंट दाराशी लावली आहे, जाताना बघा. खालून तिसऱ्या पायरीवर तो उलट्या टोपीचा मुलगा आहे, फक्त डोक्यावर टोपी नाही. टोपी शेजारच्या ताईंच्या मांडीवर आहे, त्यांच्या पर्सवर ठेवलेली.