दारावरचा सेल्समन आणि आणखी एक यँकोविक

[पडद्यावर काळोख. भाता उघडल्याचा श्वासासारखा आवाज. मग ॲकॉर्डियनचा एकच लांब सूर.]

ऑक्टोबर 1966. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला लिनवुड नावाचं गाव. दारोदार हिंडणारा एक सेल्समन यँकोविक कुटुंबाच्या दाराशी येऊन उभा राहतो. गावातल्या संगीतशाळेसाठी तो विद्यार्थी गोळा करतोय. त्याचा प्रश्न साधा आहे: मुलाला गिटार शिकवायची की ॲकॉर्डियन?

साल पुन्हा ऐका, 1966. बीटल्सनी जग डोक्यावर घेतलेलं होतं. त्या वयाच्या कुठल्याही पोराला विचारलं असतं, तर उत्तर तोंडातून निघायच्या आधी हात गिटारकडे गेला असता. पण पोराला कुणी विचारलंच नाही. निक आणि मेरी यँकोविक म्हणाले, ॲकॉर्डियन.

कारण ऐकलंत तर हसाल. त्या काळी अमेरिकेत फ्रँकी यँकोविक नावाचा एक मोठा ॲकॉर्डियनवादक होता. क्लीव्हलँडचा, स्लोव्हेनियन घरातला. मध्य युरोपातून आलेल्या लोकांनी सोबत आणलेलं नाचाचं संगीत म्हणजे पोल्का, आणि फ्रँकी त्या पोल्काचा राजा. लिनवुडच्या यँकोविकांशी त्याचं काडीचंही नातं नव्हतं, फक्त आडनाव एक. पण आईवडिलांना वाटलं, जगात ॲकॉर्डियन वाजवणारा आणखी एक तरी यँकोविक असायला हवा.

आल्फ्रेड मॅथ्यू यँकोविकची पहिली शिकवणी त्याच्या सातव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी झाली. पुढे त्याला जग ‘वीअर्ड अल’ म्हणजे ‘विचित्र अल’ म्हणून ओळखू लागलं. दुसऱ्यांच्या गाजलेल्या गाण्यांच्या चालीवर आपले वेडगळ शब्द बसवणारा, आणि हे काम चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकवणारा माणूस. माझं मत विचाराल तर त्याचं पुढचं सगळं त्या दारातच ठरलं होतं. गिटार निवडली असती तर गिटार वाजवणाऱ्या लाखोंमध्ये एकाची भर पडली असती.

[पडद्यावर: ॲकॉर्डियन, अगदी जवळून. डाव्या बाजूची बटणं.]

हे वाद्य एकदा नीट बघून घ्या. उजव्या हाताला पियानोसारख्या पट्ट्या. डाव्या हाताला बारीक बटणांच्या तिरक्या रांगा, मोठ्या ॲकॉर्डियनला एकशेवीस. मधे भाता. गंमत अशी की वाजवणाऱ्याला आपला डावा हात दिसतच नाही. सगळा खेळ बोटांच्या आठवणीवर. म्हणून एका बटणाच्या डोक्यावर छोटासा खळगा केलेला असतो. अंधारात भिंतीवरचं बटण चाचपावं तसा तो खळगा सापडला की बाकीची बटणं आपोआप हाताला लागतात. अख्खं वाद्य छातीशी बांधलेलं. लपायला जागा नाही, आणि ते गळ्यात घालून रुबाबदार दिसणं तर महाकठीण.

अल एकुलता एक. आईवडिलांच्या लग्नानंतर दहा वर्षांनी, 23 ऑक्टोबर 1959 रोजी जन्मलेला. वडील निक दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय पथकात होते. युद्धात जखमी झालेल्यांना मिळणारं पर्पल हार्ट हे पदक त्यांना दोनदा मिळालं होतं. आई मेरी स्टेनोग्राफर. ज्यात आनंद मिळतो तेच पोटापाण्याचं काम करावं, हे वडिलांचं घरातलं तत्त्वज्ञान. मुलानं ते जरा जास्तच मनावर घेतलं.

शाळेत तो एक वर्ष आधीच गेला. पुढे दुसरीचा वर्ग गाळून थेट तिसरीत. म्हणजे वर्गात सगळ्यात लहान, बहुतेक वेळा सगळ्यात हुशार, आणि वर ॲकॉर्डियनवाला. अशा मुलाचं मधल्या सुट्टीत काय होत असेल, ते सांगायला निवेदक लागत नाही. सोळाव्या वर्षी तो शाळेतून पहिल्या क्रमांकानं बाहेर पडला.

शिकवणी तीन वर्षांत संपली होती. त्यानंतरचा गुरू म्हणजे घरातला रेकॉर्ड प्लेअर. एल्टन जॉनचा ‘गुडबाय यलो ब्रिक रोड’ हा 1973चा अल्बम तो पुन्हा पुन्हा लावायचा आणि सोबत वाजवायचा. चूक झाली की सुई मागे, पुन्हा सुरुवात. रॉक ॲकॉर्डियनवर कसं वाजवायचं हे तो असं शिकला.

आणि इथेच एक गोष्ट घडत होती, कदाचित त्याच्याही नकळत. ॲकॉर्डियनवर रॉक वाजवलं, कितीही मनापासून वाजवलं, तरी समोरचा हसतो. सूर बरोबर, ठेका बरोबर, पण दणदणीत गिटारच्या जागी लग्नातल्या नाचाचं वाद्य. काहीही न करता अर्धं विडंबन तयार. बाकी अर्धं शब्दांचं काम.

विडंबन म्हटलं की आपल्याला केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ आठवतात. तिथे कवितेची ढब उचलून कवितेची फिरकी घेतली होती. इथे चाल तीच ठेवायची, ठेका तोच, गाणाऱ्याचे हुंकारसुद्धा तेच, आणि आत शब्द भरायचे भलतेच. मात्रा एकाही ठिकाणी हलली तर विनोद कोसळला. म्हणजे टिंगल करायच्या आधी मूळ गाणं मूळ गायकाइतकंच यायला हवं. रेकॉर्ड प्लेअरसमोर घालवलेले ते तास वाया गेले नव्हते.

[पडद्यावर: जुना रेडिओ. काटा फिरतो, खरखर, मग एक उत्साही आवाज.]

त्याच काळात लॉस एंजेलिसच्या रेडिओवर डॉ. डेमेंटो नावाचा एक इसम धुमाकूळ घालत होता. खरं नाव बॅरी हॅन्सन, विद्यापीठात लोकसंगीताचा रीतसर अभ्यास केलेला माणूस. पण कार्यक्रमात लावायचा तो फक्त चक्रम गाणी: स्पाइक जोन्सचा भांड्याकुंड्यांचा वाद्यवृंद, टॉम लेहररची काळ्या विनोदाची गाणी, ॲलन शर्मन, स्टॅन फ्रेबर्ग. लिनवुडमधल्या एका पोराला प्रथमच कळलं, की आपल्या डोक्यात जे चालतं ते करणारी मोठी माणसंही असतात.

1976 साली त्यानं घरी टेप केलेली काही गाणी डॉ. डेमेंटोच्या हाती पोचवली. त्यातलं एक होतं घरच्या प्लिमथ बेल्वेडियर गाडीवर. ध्वनिमुद्रण यथातथाच. शब्दांत मात्र काहीतरी चमकत होतं. डॉक्टरनं ते वाजवलं. सोळा वर्षांच्या मुलाचं गाणं रेडिओवर!

तरीही तो संगीतकार व्हायला निघाला, असं काही झालं नाही. हुशार मुलं जे करतात तेच त्यानं केलं आणि सॅन लुइस ओबिस्पोच्या कॅल पॉली विद्यापीठात आर्किटेक्चरला प्रवेश घेतला. ती पदवी त्यानं पुरीही केली. कॉलेजच्या केसीपीआर या रेडिओ स्टेशनवर तो रात्री रेकॉर्ड लावायचा, ‘वीअर्ड अल’ या नावानं. वसतिगृहात चिडवायला ठेवलेलं हे नाव. त्यानं ते स्वतःच गळ्यात अडकवून घेतलं. चिडवणाऱ्यांच्या हातचं शस्त्रच गेलं.

[पडद्यावर: पांढऱ्या फरशांची भिंत. नळातून एक थेंब.]

1979. द नॅक या बँडचं ‘माय शरोना’ सहा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलेलं. अलनं त्याचं केलं ‘माय बलोना’. बलोनी म्हणजे सँडविचमध्ये घालतात ते स्वस्तातलं गुलाबी सॉसेज. प्रेयसीच्या जागी सॉसेज, आणि तळमळ तेवढीच.

मुद्रण कुठे करायचं? स्टुडिओला पैसे नाहीत. रेडिओ स्टेशनच्या समोर, व्हरांड्यापलीकडे स्वच्छतागृह होतं. फरशीच्या भिंती, त्यामुळे आवाज छान घुमतो. अंघोळ करताना आपण सगळेच बरे गातो ते त्याचमुळे. अलनं ॲकॉर्डियन आत नेलं, माइक लावला आणि गायला. विडंबनगीतांच्या इतिहासातल्या सर्वांत यशस्वी कारकिर्दीची पहिली रेकॉर्ड अशी संडासात तयार झाली. हे मी उपहासानं म्हणत नाही, घडलंच तसं.

डॉ. डेमेंटोच्या श्रोत्यांनी ते डोक्यावर घेतलं. मग द नॅक कॅल पॉलीत कार्यक्रमाला आले. कार्यक्रमानंतर अल त्यांचा गायक डग फीगरला भेटला. ज्याच्या गाण्याचं सॉसेज केलं त्याच्यासमोर उभं राहायचं म्हणजे धाडसच. पण फीगरला विडंबन आवडलं होतं. त्यानं कॅपिटॉल रेकॉर्ड्सला हे गाणं काढायला सुचवलं. कॅपिटॉल म्हणजे मूळ गाणं काढणारीच कंपनी. सहा महिन्यांचा करार आणि पाचशे डॉलर. रेकॉर्ड निघाली, फारशी खपली नाही, करार संपला. पण थट्टा ज्याची केली त्यानंच हात दिला, हे अलच्या लक्षात राहिलं असावं.

आता 14 सप्टेंबर 1980ची रात्र. डॉ. डेमेंटोचा स्टुडिओ, थेट प्रक्षेपण. त्या वेळी क्वीनचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ चढत होतं. अलनं त्याचं केलं ‘अनदर वन राइड्स द बस’, खचाखच भरलेल्या बसचं गाणं. अडचण एकच. मूळ गाण्याचा जीव तालात, आणि इथे ड्रम नाहीत. स्टुडिओत त्या रात्री जॉन श्वार्ट्झ नावाचा एक तरुण आलेला होता. बोलता बोलता म्हणाला, मी ड्रमर आहे. अल म्हणाला, मग माझ्या ॲकॉर्डियनची पेटी बडव.

दोघांची ती पहिलीच भेट. दोन-चारदा सराव केला आणि थेट हवेत. ते मुद्रण आजही ऐकायला मिळतं. रिकाम्या पेटीवरची थाप, भात्याची धाप, मागे कुणीतरी तळहातांनी काढलेले भलते आवाज, आणि वर घसा फोडून ओरडणारा विशीतला एक मुलगा. गोंगाट आहे नुसता. पण ठेका? एका मात्रेनंही ढळत नाही. श्वार्ट्झ पुढे कायमचा अलचा ड्रमर झाला.

डॉ. डेमेंटोनं उसने दिलेल्या पैशांतून या गाण्याच्या एक हजार प्रती निघाल्या. एप्रिल 1981मध्ये अल पहिल्यांदा राष्ट्रीय टीव्हीवर दिसला. जाडजूड चष्मा, कुरळ्या केसांचं टोपलं, मिशी, गळ्यात ॲकॉर्डियन, आणि शेजारी पेटी बडवणारा श्वार्ट्झ. पण टीव्हीवर दिसल्यानं भाडं भरता येत नाही. आर्किटेक्ट अल एका रेडिओ कंपनीच्या टपाल खोलीत पत्रं वेगळी करत होता.

1982मध्ये गिटारवर जिम वेस्ट, बेसवर स्टीव्ह जे आले आणि पूर्ण बँड उभा राहिला. त्या वर्षी एका नावाजलेल्या बँडच्या आधी वाजवायची संधी मिळाली. प्रेक्षकांनी हाताला लागेल ते मंचावर फेकलं. 1983मध्ये पहिला अल्बम आला. बरा चालला, एवढंच.

[पडद्यावर: ‘ब’ हे अक्षर. हळूहळू पुसलं जातं.]

1984. जगातला सर्वांत मोठा गायक मायकल जॅक्सन, आणि त्याचं ‘बीट इट’. गल्लीतली टोळीयुद्धं, चाकू, पळून जा म्हणून सांगणारं गाणं. अलनं त्यातला एक ‘ब’ काढून टाकला. राहिलं ‘ईट इट’. टोळ्या गेल्या, आता ताटातलं संपवायचा हट्ट करणारं मोठं माणूस आणि हटून बसलेलं पोर. एका व्यंजनात अख्खं गाणं स्वयंपाकघरात आलं. याहून कमी खर्चात विडंबन झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

अमेरिकी कायद्यात विडंबनाला बरीच मोकळीक आहे. अल तरीही मूळ गीतकाराला विचारतो. नाही म्हटलं की गाणं सोडून देतो. प्रिन्सनं वर्षानुवर्षं नाहीच म्हटलं, तर त्याची गाणी राहिली ती राहिलीच. जॅक्सन हो म्हणाला. कागदावर दोघांच्या सह्या झाल्या, ‘ईट इट’चे सहगीतकार म्हणून. टपाल खोलीतून आलेला माणूस आणि मायकल जॅक्सन, एकाच कागदावर.

व्हिडिओत त्यानं जॅक्सनचा मूळ व्हिडिओ जवळपास दृश्यागणिक पुन्हा उभा केला. तोच नाच, तसंच लाल जाकीट. मूळ गाण्यात एडी व्हॅन हॅलेनचं गाजलेलं गिटारवादन आहे. इथे अल्बमचा निर्माता रिक डेरिंजरनं ते तितक्याच तडफेनं वाजवलं, आणि शेवटी स्फोट. एमटीव्हीनं व्हिडिओ दिवसरात्र लावला. गाणं अमेरिकेत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं, ऑस्ट्रेलियात थेट पहिल्या. त्याच अल्बममध्ये त्यानं आणखी एक उद्योग केला. गाजलेल्या रॉक गाण्यांचे तुकडे एकापाठोपाठ एक, सगळे पोल्काच्या ठेक्यावर. ॲकॉर्डियनला शेवटी त्याचं मूळ काम मिळालं.

1985च्या फेब्रुवारीत ‘ईट इट’ला सर्वोत्कृष्ट विनोदी ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी मिळालं. पुढच्या वर्षी ग्रॅमीवाल्यांनी पोल्कासाठी पहिल्यांदाच वेगळा पुरस्कार सुरू केला.

[पडद्यावर: ॲकॉर्डियनचा भाता हळूहळू मिटतो.]

तो मिळाला फ्रँकी यँकोविकला.