आधी पत्ता सांगा: परदेशातल्या जर्मनांचं ऑनलाइन समुपदेशन

परदेशात राहणारा जर्मन माणूस लॅपटॉप उघडून बर्लिनच्या किंवा म्युनिकच्या समुपदेशकासमोर बसतो, तेव्हा पहिला प्रश्न 'कसं वाटतंय?' असा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'या क्षणी तुम्ही नेमके कुठे बसला आहात?' नुसतं शहर सांगून भागत नाही. इमारत, मजला, जवळचं रुग्णालय, घरात आणखी कोण आहे, हे सगळं हवं. आणि एकदाच विचारून चालत नाही, दर भेटीला विचारायचं. ही फिरतीवरची माणसं. गेल्या मंगळवारी पुण्यात असलेला गृहस्थ आज सिंगापूरच्या हॉटेलात असतो. चाकण परिसरातल्या जर्मन कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात काम करणारे बरेच जण समोर बसले आहेत म्हणून मुद्दाम सांगतो, कायदा, पैसा, औषध आणि आणीबाणी या चारही गोष्टींची उत्तरं त्या पत्त्यावर अवलंबून असतात.

कायद्यापासून सुरू करू. युरोपीय संघाच्या २०११ च्या सीमापार आरोग्यसेवा निर्देशानुसार दूरवैद्यकीय सेवा ही सेवा देणारा जिथला, त्या देशात दिली गेली असं मानतात. म्हणजे माद्रिदच्या रुग्णाला कोलोनमधला थेरपिस्ट पाहतो, तेव्हा नियम बहुतांशी जर्मनीचे. संघाबाहेर हा हिशेब चालत नाही. अमेरिकेत तर परवाना राज्यागणिक वेगळा, आणि बहुतेक राज्यं म्हणतात की रुग्ण जिथे बसलाय तिथे उपचार झाला. कॅलिफोर्नियातल्या जर्मन इंजिनिअरवर बर्लिनमधून 'उपचार' करायचे तर तिथला परवाना लागतो. शिवाय जर्मन व्यावसायिकांच्या जबाबदारी विम्यातून अमेरिका आणि कॅनडा बऱ्याचदा वगळलेले असतात. म्हणूनच अनेक जण परदेशस्थांना 'थेरपी' न म्हणता 'बेराटुंग', म्हणजे समुपदेशन देतात. पण नाव बदललं म्हणून आजार बदलत नाही. परकेपणा, नात्यातली ओढाताण, निर्णयाची घालमेल इथवर समुपदेशन ठीक. नैराश्य, पॅनिक, खाण्याचे विकार आले की तो उपचार झाला, आणि उपचार करायला जर्मन कायद्यानेसुद्धा परवानगी लागते.

समोरच्याकडे ती परवानगी आहे का, हे तपासणं सोपं आहे. जर्मनीत १९९९ पासून 'सायकोथेराप्यूट' ही कायद्याने राखलेली पदवी आहे. त्यासाठी 'अॅप्रोबात्सिओन' नावाचा सरकारी परवाना लागतो. 'हाइलप्राक्टिकर', म्हणजे डॉक्टर नसलेला पण परवाना असलेला उपचारक, हा दुसरा मार्ग. त्याचा कायदा १९३९ चा, आणि मानसोपचारापुरती मर्यादित परवानगी आरोग्य खात्याची परीक्षा देऊन मिळते. 'कोच' किंवा 'मानसशास्त्रीय सल्लागार' मात्र उद्या सकाळी कुणीही होऊ शकतो. जर्मन वेबसाइटच्या तळाशी 'इम्प्रेसुम' नावाचं पान असतं. परवानाधारकाला तिथे आपली पदवी, ती कोणत्या देशात मिळाली आणि कोणत्या चेंबरचा, म्हणजे व्यावसायिकांच्या अधिकृत संस्थेचा, सदस्य आहे हे लिहावंच लागतं. सुंदर फोटो आणि समुद्रकिनारा बघण्याआधी ते पान उघडावं.

आता पैसा. जर्मनीत राहणाऱ्याला सरकारी विम्यातून, म्हणजे 'क्रांकनकासे'मधून, थेरपी मिळते: आधी दोन ते चार चाचणी भेटी, मग १२ आणि १२ भेटींचे दोन टप्पे, गरज पडली तर त्याहून लांब. एक भेट ५० मिनिटांची. वास्तव्य कायमचं संघाबाहेर गेलं की हे सभासदत्व सहसा संपतं. कंपनीने ठरावीक मुदतीसाठी पाठवलेल्या कर्मचाऱ्याची गोष्ट वेगळी. सरकारी विमा चालू असेल तर परदेशातल्या उपचाराचा खर्च आधी कंपनीने द्यायचा आणि तिने तो क्रांकनकासेकडून ठरलेल्या मर्यादेत वसूल करायचा, अशी तरतूद आहे. बाकीचे आंतरराष्ट्रीय खासगी पॉलिसीवर असतात. तिच्यात तीन ओळी शोधायच्या: मानसोपचाराच्या किती भेटी, आधी लेखी मंजुरी लागते का, आणि 'उपचारक' म्हणून कोण चालतो. तिसऱ्या ओळीवर बरेच दावे अडकतात, कारण बिल कोचचं असतं.

खिशातून भरणाऱ्यांसाठी अंदाज: जर्मन शुल्कपत्रकात वर्तनोपचाराच्या एका भेटीचा नेहमीचा, म्हणजे मूळ दराच्या २.३ पट असलेला दर १००.५५ युरो आहे. विमा असूनही मुद्दाम स्वतःच्या खिशातून भरणारे बरेच भेटतात. जर्मनीत नोकरी करण्याची क्षमता गेली तर उत्पन्न देणारा जो विमा असतो, त्याच्या अर्जात साधारण गेल्या पाच वर्षांतले मानसोपचार विचारतात. अधिकारी किंवा शिक्षक म्हणून कायम सरकारी सेवेत जाऊ पाहणाऱ्यालाही निदानाच्या नोंदीची धास्ती असते. ही धास्ती बऱ्याचदा वाजवीपेक्षा मोठी असते, पण पोकळ नसते. अर्जात खोटं लिहू नये. पुढे पॉलिसीच रद्द होऊ शकते.

आता एक प्रसंग जवळून बघू. नवरा चाकणला तीन वर्षांसाठी आलेला, बायको बाणेरच्या चौदाव्या मजल्यावर. ती स्टुटगार्टजवळच्या शाळेत शिक्षिका होती, आता रजेवर. तिचा व्हिसा नवऱ्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयाचा, त्यावर नोकरी करता येत नाही. सकाळी मुलं शाळेच्या बसमध्ये, नवरा गाडीत, घरात स्वयंपाकाच्या मावशी आणि खाली ड्रायव्हर. ज्या बाईने आयुष्यभर स्वतःच्या खिडक्या स्वतः पुसल्या, तिला घरात दिवसभर दुसरं माणूस असणं हाच ताण असतो, आणि तो बोलून दाखवायची लाज वाटते, कारण 'एवढं सुख असून तक्रार कसली?' तिच्याशी परिसंवाद करून उपयोग नाही. पहिल्या दोन भेटींत कागदावर दोन रकाने काढायचे: इथे येताना कोणत्या भूमिका सुटल्या आणि त्यातल्या कोणत्या आठवड्याला एक तास तरी परत मिळतील. मग आठवड्याला तीन ठरलेल्या बाहेरच्या वेळा, त्यांतली एक पायी आणि ड्रायव्हरशिवाय. झोपेची नोंद रोज. पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली, जर्मन भाषेतली, सुरुवातीला आणि मग दर चार आठवड्यांनी. गुण ० ते २७, दहा किंवा वर गेले तर नैराश्य नीट तपासायचं, आणि नवव्या, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर त्याच भेटीत थांबून विचारायचं.

तिच्या भेटीची जागाही आधी ठरवावी लागते. मावशींना जर्मन येत नाही म्हणून ती निर्धास्त असते, पण मुलांना येतं. भेट मुलं शाळेत असतानाच ठेवायची. गाडीत बसून बोलायचं तर ड्रायव्हरला चहाला पाठवायचं. हेडफोन हवेच. नवऱ्यासाठी सक्त नियम: कंपनीचा लॅपटॉप आणि कंपनीचा फोन वापरायचा नाही. कंपनीचं नेटवर्क काय नोंदवतं हे त्याला माहीत नसतं, आणि ती शंका मनात असली की तो बॉसबद्दल बोलतच नाही. भेटी कोरड्या पडतात आणि कारण कुणाला कळत नाही.

घड्याळाचं दुखणं वेगळंच. बर्लिन आणि पुणे यांच्यात उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचारचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बर्लिनचं घड्याळ मागे जातं. संध्याकाळी साडेसातची भेट पुण्यात अचानक साडेआठला जाते, नेमकी मुलांच्या झोपायच्या वेळी. अमेरिकेचं घड्याळ त्यानंतर आठवड्याने, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं, म्हणून न्यूयॉर्कची माणसं त्या आठवड्यात हमखास चुकतात. भेट कुणाच्या घड्याळाने बांधायची हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. लाइन तुटली तर काय, तेही: पाच मिनिटं वाट, मग समुपदेशकाचा फोन, तोही लागला नाही तर ठरलेल्या तिसऱ्या माणसाला निरोप. अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ कॉल चालत नाही, चीनमध्ये गुगलच्या सेवा बंद. तिथे चालणारं साधन चाचणी करूनच ठरवायचं.

आणीबाणीत 'टेलेफोनझेलसोर्गे' ही १९५६ पासूनची जर्मन मदतवाहिनी सगळ्यांना आठवते. पण तिचे ०८०० ने सुरू होणारे मोफत क्रमांक परदेशातून सहसा लागत नाहीत. ईमेल आणि चॅट चालतं. म्हणून स्थानिक क्रमांक समुपदेशकाच्या टेबलावर हवेत: भारतात ११२ आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य वाहिनीचा १४४१६, अमेरिकेत ९८८. सक्रिय आत्महत्येचा विचार, भ्रम, उन्माद, दारू सोडतानाची थरथर, वजन झपाट्याने घटणं, यांपैकी काही असेल तर एकट्या स्क्रीनवर काम चालवू नये. प्रत्यक्ष तपासणारा डॉक्टर हवा. जर्मन दूतावास जर्मन बोलणाऱ्या डॉक्टरांची यादी देतात, ती पहिल्या आठवड्यातच काढून ठेवावी. औषधं लिहून देण्याचा अधिकार मानसशास्त्रज्ञाला नाही, आणि जर्मनीत डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी झोपेची किंवा एकाग्रतेची काही औषधं आखाती देशांत पूर्वपरवानगीशिवाय नेली तर गुन्हा ठरतो.

एवढं सगळं करून जर्मनमध्येच का बोलायचं? या मंडळींना इंग्रजी उत्तम येतं. पण कामाच्या भाषेत माणूस दुःखाचा अहवाल देतो. जर्मनमध्ये 'झी' आणि 'डू' आहे, आपल्या अहो-जाहो आणि अरे-तुरेसारखं. बॉसशी भांडण 'झी'मध्ये झालं की 'डू'मध्ये, यात अर्धं निदान असतं. इंग्रजीच्या 'यू'मध्ये ते सपाट होतं. घरओढीला 'हाइमवे' हा शब्द आहे. १६८८ मध्ये योहान्नेस होफर या वैद्याने बाझेलच्या प्रबंधात स्विस लोकांचं हेच दुखणं वर्णन केलं आणि त्याला 'नॉस्टॅल्जिया' हे ग्रीक घडणीचं नाव दिलं. स्वित्झर्लंडमध्ये तीन लाखांहून जास्त जर्मन राहतात; तिथे तर भाषा जवळची असूनच दुखतं, कारण शेजारी स्विस बोलीत हसतात आणि याच्याशी मुद्दाम पुस्तकी जर्मन बोलतात.

१९५५ मध्ये स्व्हेरे लीसगार्द यांनी नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्या शिष्यवृत्तीधारकांवरून मांडलेला इंग्रजी 'यू' आकाराचा आलेख प्रत्येक कार्यशाळेत दाखवतात: आधी आनंद, मग सहा ते अठरा महिन्यांत घसरण, मग सावरणं. आलेख लोभस आहे, पण नंतरच्या अभ्यासांत तो सरसकट टिकला नाही. कित्येकांची घसरण विमानातून उतरल्यापासूनच सुरू होते. 'थांबा, अठराव्या महिन्यानंतर बरं वाटेल' असं कुणालाही सांगू नका.

परतीची तयारी मात्र सगळ्यांनाच लागते, आणि ती सहा महिने आधी सुरू करावी. जर्मनीत थेरपीच्या जागेसाठी कित्येक महिने थांबावं लागतं. सरकारी विमा पुन्हा सुरू झाला की डॉक्टरांच्या भेटी जुळवून देणाऱ्या ११६११७ या क्रमांकावर फोन करून पहिल्या सल्ला-भेटीची वेळ मागता येते. ऑनलाइन समुपदेशकाने शेवटची भेट निघण्याच्या आठवड्यात ठेवू नये. त्या आठवड्यात माणूस फक्त सामानाची खोकी मोजत असतो. परतल्यावर सहा आठवड्यांनी एक भेट ठेवावी. तोवर जुने मित्र एकदा भेटून गेलेले असतात, पुण्याच्या गोष्टी ऐकायला कुणालाच फारसा वेळ नाही हे कळलेलं असतं, आणि बोलण्यासारखं खरं काही साठलेलं असतं.