लास वेंतास आणि खांदेमळणीचे हात

मित्रहो, मी व्यवसायाने पशुवैद्यक आहे. विदर्भातल्या तालुक्याच्या आणि गावपातळीवरच्या सरकारी दवाखान्यांत मी ३१ वर्षे नोकरी केली आणि या काळात हजारो बैलांच्या मानेवरून, खांद्यावरून, पाठीवरून माझा हात फिरला. अशा माणसाने माद्रिदच्या लास वेंतास या बैलझुंजीच्या रिंगणात स्वतःच्या पैशाने तिकीट काढून बसावे आणि सहा बैल मरताना पाहावेत, हे मला स्वतःला अजूनही पुरते उलगडलेले नाही. आपल्या वाचनालयाने मला 'प्रवासातील अनुभव' असा विषय दिला आहे, पण मी एकाच संध्याकाळविषयी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी माझी मुलगी माद्रिदला नोकरी करत होती आणि मे महिन्यात मी तिच्याकडे राहायला गेलो होतो. तिच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहत असत. हॉटेलात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कामापुरते इंग्रजी येत होते. मी जनावरांचा डॉक्टर आहे हे कळल्यावर त्यांना विलक्षण आनंद झाला. गेली पन्नास वर्षे ते दर मे महिन्यात लास वेंतासला जात होते आणि बैल खऱ्या अर्थाने ओळखणारा माणूस शेजारी बसावा अशी त्यांची इच्छा होती. मुलगी मात्र स्पष्टपणे म्हणाली, "बाबा, तुम्हाला जायचे तर जा, पण घरी आल्यावर मला त्यातले काही सांगू नका." मी दोन दिवस विचार केला. इतक्या दूर येऊन ज्या गोष्टीबद्दल आपण ऐकीव मत बाळगतो ती डोळ्यांनी पाहावी, असे मी स्वतःला सांगितले. ते कारण खोटे नव्हते, परंतु त्यात निव्वळ उत्सुकताही होती, आणि ती मी आज लपवणार नाही.

माद्रिदमधला हा मोठा उत्सव सान इसिद्रो या संताच्या नावाने भरतो. १५ मे हा त्याचा दिवस. हा संत शेतमजूर होता आणि तो शेतकऱ्यांचा रक्षणकर्ता मानला जातो. त्याची कथा अशी की तो प्रार्थनेत गुंतलेला असताना देवदूत येऊन त्याचा नांगर हाकत असत. जनाबाईबरोबर दळायला बसणारा विठोबा ज्यांच्या घरात आहे, त्यांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही. ज्या संताच्या चित्रांत नांगराला जुंपलेली बैलजोडी असते, त्याच्या नावाने जवळजवळ महिनाभर रोज संध्याकाळी सहा बैल मारले जातात, ही विसंगती माझ्या मनातून गेली नाही. शेजारच्या गृहस्थांना मात्र त्यात विसंगती दिसली नव्हती. नांगराचा बैल वेगळा आणि हा वेगळा, असे ते सहज म्हणाले.

लास वेंतास हे विटांचे, कमानींचे, अरबी वळणाचे भव्य बांधकाम आहे. तिथली पहिली झुंज १९३१ साली झाली. सुमारे २३ हजार माणसे तिथे बसतात. तिकिटाचा दर सावलीवर ठरतो: उन्हातली जागा स्वस्त, सावलीतली महाग. दगडी पायऱ्यांवर बसायला उशी भाड्याने मिळते. बाहेर पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा पुतळा आहे आणि त्यांच्यासमोर टोपी काढून अभिवादन करणारा मातादोर, म्हणजे शेवटी तलवारीने बैल मारणारा झुंजार, घडवला आहे. पेनिसिलिन येण्यापूर्वी शिंगाच्या जखमेत जंतुसंसर्ग होऊन माणसे मरत, म्हणून हे स्मारक. त्या पुतळ्यापुढे मी बराच वेळ उभा राहिलो, कारण तेच औषध मी आयुष्यभर बैलांच्या दंडात टोचत आलो होतो.

ज्याला तिथे 'तोरो ब्रावो' म्हणतात ते जनावर मी डोळे भरून पाहिले. वय चार ते सहा वर्षे. अशा मोठ्या रिंगणात किमान ४६० किलो वजनाची अट असते, आणि प्रत्येक बैलापूर्वी त्याचे नाव, वजन आणि जन्माचा महिना लिहिलेली पाटी दाखवली जाते. नाव बहुधा आईवरून ठेवतात. ओकच्या झाडांच्या विस्तीर्ण कुरणांत हा बैल मोकळा वाढतो आणि त्याने पायी चालणाऱ्या माणसाशी कधी सामना केलेला नसतो, कारण एकदा अनुभव आला की तो कापड सोडून माणसावर जाईल. चमकदार कातडी, भरलेले पुठ्ठे, स्वच्छ डोळे, कुठेही दोरीचा वळ नाही, नाकात वेसण नाही. माझ्या सगळ्या नोकरीत इतके निरोगी जनावर मी क्वचितच पाहिले असेल. दार उघडून तो वाळूवर धावत आला तेव्हा मला प्रथम जो वाटला तो आनंदच होता.

मग पिकादोर, म्हणजे भाला घेतलेला घोडेस्वार, आला. घोड्याच्या डोळ्यावर पट्टी होती आणि अंगावर जाड गादीसारखे चिलखत. हे चिलखत १९२८ साली सक्तीचे झाले. त्यापूर्वी बैलाच्या शिंगांनी घोड्यांची पोटे फाटत आणि लोक तेही पाहत असत. बैल घोड्यावर धडकतो आणि वर बसलेला स्वार लांब भाल्याचे टोक त्याच्या मानेमागच्या मांसल उंचवट्यात रोवून वजन टाकतो. त्यामागचा हेतू मी वैद्यक म्हणून लगेच ओळखला. तो स्नायू दुबळा झाला की डोके खाली येते, आणि डोके खाली आल्याशिवाय पुढे तलवारीला वाट मिळत नाही.

त्या क्षणी माझ्या हातांना काहीतरी झाले. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेला खांदा कोमट पाण्याने शेकायचा, हळद आणि लोणी लावून बोटांनी मळायचा आणि बैलाच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." माझे वडील हे म्हणत असत आणि मीही म्हटले आहे. दवाखान्यातल्या खोड्यात उभा केलेला, खांदा सुजलेला बैल त्या जागेला बोट लागताच कसा थरथरतो हे मला ठाऊक आहे. भाला ज्या जागी रुतत होता ती जवळजवळ तीच जागा होती. माझी बोटे मांडीवर नकळत दाबली जात होती.

दुसऱ्या टप्प्यात रंगीत कागदाने मढवलेल्या काटेरी काठ्यांच्या तीन जोड्या त्याच भागात टोचतात. ते करणारे लोक चपळ असतात आणि बैलासमोर कसल्याही आडोशाशिवाय धावत जातात. त्यांच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. पण तो भाग मला पोकळ वाटला आणि त्यावर मी अधिक बोलत नाही.

तिसऱ्या बैलाविषयी मात्र मला सविस्तर सांगितलेच पाहिजे, कारण माझी खरी अडचण तिथे आहे. पहिल्या दोन बैलांच्या वेळी मी मनाने बाजूला उभा होतो. तिसऱ्यासमोर आलेला मातादोर तरुण आणि सडसडीत होता. त्याने मुलेता, म्हणजे काठीवरचे लहान लाल कापड, डाव्या हातात घेतले. बैलाला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही. तो हालचालीमागे जातो आणि लाल रंग असतो तो प्रेक्षकांसाठी. माद्रिदच्या रिंगणात या वेळी वाद्ये वाजवत नाहीत, त्यामुळे हजारो माणसांच्या शांततेत बैलाच्या खुरांचा आणि श्वासाचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. त्या तरुणाने कापड इतक्या हळू ओढले की पाचशे किलोंहून अधिक वजनाचा तो बैल जणू त्याच गतीला राजी झाला आणि माणसाच्या कमरेला चाटून शिंग एकदा, दोनदा, तीनदा, चारदा फिरले. दर वेळी सभोवार घशाच्या खोलातून 'ओले' असा दबका हुंकार उठत होता. चौथ्या वेळी तो माझ्याही छातीतून आला. मी उभा राहिलो आणि टाळ्या वाजवल्या. समोरच्या जनावराच्या खांद्यावरून रक्त पुढच्या पायापर्यंत ओघळलेले मला स्पष्ट दिसत होते, आणि तरीही मी टाळ्या वाजवल्या.

सौंदर्य पाहून भान हरपते हे आपण कौतुकाने सांगतो. माझे भान हरपले नव्हते, हीच माझ्यापुढची अडचण आहे. रक्ताचा रंग, धाप, बाहेर आलेली जीभ, या साऱ्याची नोंद माझे डोळे सवयीने घेत होते आणि त्याच वेळी हात टाळ्या वाजवत होते. तिकीट काढून मी निरीक्षक म्हणून आलो आहे असे मला वाटत होते. तसे निरीक्षक म्हणून बसता येत नाही. त्या रिंगणातला प्रत्येक प्रेक्षक त्या खेळाचा खर्च देतो आणि त्याचा हुंकार त्या तरुणाला शिंगाच्या आणखी जवळ उभा करतो.

चौथा बैल वाईट मेला. मातादोर शिंगांवरून झुकून दोन्ही खांद्यांच्या मधून तलवार आत घालतो. या क्षणाला स्पॅनिश लोक 'सत्याची घटका' म्हणतात. तलवार नीट बसली तर बैल थोड्या वेळात कोसळतो. या चौथ्या बैलाच्या वेळी ती दोनदा हाडावर आपटून उडाली आणि तिसऱ्यांदा फुप्फुसात गेली असावी, कारण बैलाच्या तोंडातून फेसाळ रक्त आले. तो कठड्याला टेकून उभा राहिला. जनावर मरताना भिंतीचा आधार शोधते हे मी गोठ्यांमध्ये पाहिले आहे. लोक मातादोरवर संतापले, शिट्ट्या वाजवू लागले. शेवटी एका मदतनीसाने आखूड सुरीने मानेचा मज्जारज्जू तोडला आणि खेचरांनी देह ओढून नेला. शेजारच्या गृहस्थांनी चेहरा फिरवला होता. पन्नास वर्षांनंतरही त्यांना ते पाहवत नव्हते.

मधल्या वेळात त्यांनी मला एक प्रश्न विचारला आणि तो मी टाळू शकलो नाही. मांसासाठी वाढवलेले वासरू दोन वर्षांचे होण्याआधीच कत्तलखान्यात जाते, हा बैल चार-पाच वर्षे मोकळ्या रानात राजासारखा जगतो, मग क्रूर कोण, असे ते म्हणाले. मी त्यांना उत्तर म्हणून आमच्याकडची गोष्ट सांगितली. संकरित गाईला गोऱ्हा झाला की त्याला दूध पाजणे परवडत नाही, नांगराला तो उपयोगी नाही, मग तो दावणीच्या टोकाला बांधून ठेवतात आणि तो काही दिवसांत आपोआप मरतो. त्या मृत्यूला प्रेक्षक नसतो. असे गोऱ्हे मी मोजता येणार नाहीत इतके पाहिले आहेत आणि बहुतेक वेळा गप्प राहिलो आहे, कारण त्या शेतकऱ्याकडेही देण्यासारखे उत्तर नव्हते. तरीही लपवलेले मरण जास्त वाईट म्हणून उघड मांडलेले मरण योग्य ठरत नाही. हे मी त्यांना म्हणालो. ते विचारात पडले, वाद घातला नाही.

हा वाद बाहेरच्या प्रवाशांनी स्पेनमध्ये नेलेला आहे असा समज कोणी करून घेऊ नये. पाचवे पोप पायस यांनी १५६७ सालीच या खेळांवर बंदी घालणारा फतवा काढला होता. स्पेनच्याच कॅनरी बेटांवर १९९१ पासून हा खेळ बंद आहे. स्पेनमधल्या कातालोनिया प्रांताच्या विधिमंडळाने २०१० मध्ये बंदी मंजूर केली आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात बार्सिलोनाच्या रिंगणात शेवटची झुंज झाली. २०१३ मध्ये स्पेनच्या संसदेने याच खेळाला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आणि त्या आधारे २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने कातालोनियाची बंदी रद्द केली. २०२४ साली तिथल्या संस्कृती मंत्रालयाने झुंजीसाठीचा राष्ट्रीय पुरस्कारच बंद केला. एकाच जिन्यावर समोरासमोर राहणारी माणसे या प्रश्नावर दुभंगलेली आहेत. गृहस्थांची स्वतःची नात त्यांच्याबरोबर कधीही आली नव्हती.

आपल्याकडेही यापेक्षा वेगळे काय चालले होते? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या, २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो बदल ग्राह्य धरला. विदर्भात शंकरपट पुन्हा भरू लागले. मी पटाच्या गावात वाढलो आहे, त्या धुरळ्याचे वेड मला माहीत आहे, आणि शेपटी पिरगाळून, पुराणी टोचून पळवलेल्या बैलांच्या जखमाही मीच धुतल्या आहेत. पटात बैल मरण्यासाठी उतरत नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मी कधीही लहान करणार नाही. परंतु परंपरा या शब्दाचा आधार घेणारे दोन्हीकडचे आवाज मला सारखेच ऐकू आले.

सहावा बैल संपला तेव्हा उन्हे कलली होती. फ्लेमिंग यांच्या पुतळ्याजवळ गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "डॉक्टर, चौथ्याला किती वेळ कळत होते?" मी घड्याळ पाहिले होते. तलवार प्रथम लागल्यापासून सुरी फिरेपर्यंत किती मिनिटे गेली ते मी त्यांना सांगितले आणि त्या सगळ्या वेळात त्याला कळत होते असेही सांगितले. त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला. मातादोरला बैलाचा कान बक्षीस मिळावा म्हणून प्रेक्षक झुंजीच्या अध्यक्षांकडे फडकवतात तो हा रुमाल. त्यांनी तो नीट घडी करून परत ठेवला. उद्या येणार का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. ते स्वतः जाणार होते.

घरी मुलीने ठरल्याप्रमाणे काही विचारले नाही. गरम वरण-भात वाढला आणि आम्ही गावाकडच्या गोष्टी बोललो. आज इथे येण्यापूर्वी मी तिला विचारले, ऐकायला येशील का. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिसऱ्या बैलाच्या वेळी मी उभा राहून टाळ्या वाजवल्या, हे तिला आत्ता प्रथमच कळते आहे.