वॉशिंग्टनकर

वॉशिंग्टन म्हटलं की डोळ्यासमोर व्हाईट हाऊस येतं, नाहीतर डॉलरच्या नोटेवरचा तो चेहरा. पण आणखी एक वॉशिंग्टन आहे, अमेरिकेतलं नाही, उत्तर इंग्लंडमधलं, न्यूकॅसल आणि संडरलँडच्या मधलं, आणि ओरिजिनल हेच!

कपडे धुण्याशी याचा काडीचाही संबंध नाही हां. ह्वासा नावाचा कोणी अँग्लो-सॅक्सन माणूस असावा, त्याच्या लोकांची वस्ती ती ह्वासा-इंग-टून. टून म्हणजे वाडी, आजचं टाऊन त्यातूनच आलं.

आता आडनाव. डरहॅमच्या बिशपचं ११८३ सालचं एक जमिनीचं दप्तर आहे, बोल्डन बुक, त्यात विल्यम दे हर्टबर्न सापडतो. म्हणजे हर्टबर्नचा विल्यम. यानं बिशपला हर्टबर्न देऊन बदल्यात वॉशिंग्टन घेतलं, वर्षाला चार पौंड खंड, शिवाय बिशपची मोठी शिकार निघाली की चार शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचं. गाव बदललं तसं नावही बदललं, विल्यम दे वेसिंग्टन. आपल्या भाषेत वॉशिंग्टनकर, आपला ‘कर’ शेवटी लागतो, त्यांचा ‘दे’ आधी, आणि पुढे तो ‘दे’ पण गळाला.

मग घराण्याची एक शाखा खाली नॉर्थॅम्प्टनशायरला सल्ग्रेव्हला गेली, तिथल्या वंशातला जॉन १६५०च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला पोचला आणि तिकडेच राहिला. डॉलरच्या नोटेवरचा जॉर्ज, अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष, हा त्याचा पणतू. घराण्याच्या ढालीवर दोन लाल पट्टे आणि वर तीन तारे, आणि अमेरिकेच्या राजधानीचा झेंडा बघा, सेम टू सेम!

पण खरी गंमत पुढेच आहे, २००० च्या अमेरिकन जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे जवळपास ९० टक्के लोक कृष्णवर्णीय होते, त्यांतले बहुतेक या विल्यमच्या रक्ताचे नव्हेत, गुलामगिरी संपल्यावर अनेकांनी आडनावं स्वतः निवडली. बुकर नावाचा एक मुलगा गुलामगिरीतच जन्मलेला, पुढे मोठा शिक्षणतज्ज्ञ झाला, तो शाळेत गेला तर हजेरीत बाकीच्या पोरांची नावं दोन-दोन, याचं एकच. सावत्र बापाचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं. मास्तरांनी नाव विचारलं, आणि हा शांतपणे म्हणाला, बुकर वॉशिंग्टन.