परिषदेतून परत आल्यावर खरं काम सुरू होतं

नमस्कार मंडळी. तारीख 3 आणि 4 जुलै 2025, ठिकाण हरियाणातलं मानेसर, गुरुग्रामच्या शेजारी. देशभरातल्या महापालिका आणि नगरपालिकांचे महापौर, नगराध्यक्ष इथे जमले होते. शहरी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अध्यक्षांची अशी राष्ट्रीय परिषद पहिल्यांदाच होत होती आणि उद्घाटन केलं लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी. सभागृह नीट कसं चालवायचं, पाणी-कचरा-रस्ते या सेवा कशा सुधारायच्या, निवडून आलेल्या महिलांच्या हातात खरी ताकद कशी द्यायची, हे विषय.

आणि नेमकं त्याच वेळी महाराष्ट्रात काय चालू होतं? 29 च्या 29 महापालिकांमध्ये प्रशासक बसलेले. नवी मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर 2020 पासून, मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक मार्च 2022 पासून. म्हणजे निवडून आलेला एकही महापौर राज्यात नव्हता, आणि एवढ्या मोठ्या शहरी राज्याची ही अवस्था बघून खरंच वाईट वाटतं, कारण गल्लीत गटार तुंबलं तर आयुक्तांना फोन कोण करणार हो, तो नगरसेवकालाच जातो.

मग 15 जानेवारी 2026 ला या सगळ्या महापालिकांचं एकदमच मतदान झालं. सभागृहं पुन्हा भरली, निम्म्या जागा महिलांच्या, अनेक चेहरे अगदी नवीन. म्हणून आजचा हा व्हिडिओ. बाहेरच्या शहरांकडून शिकायचं म्हणजे नक्की काय शिकायचं?

इंदूरचंच घ्या. स्वच्छ सर्वेक्षणात 2016 ला इंदूर 25 वं होतं आणि 2017 ला थेट पहिलं, त्यानंतर 2023 पर्यंत पहिला नंबर सोडलाच नाही. कुठल्याही परिषदेत कचऱ्याचा विषय निघाला की इंदूरचं नाव येणारच. लोक तिथे जातात, चकाचक रस्ते बघतात, फोटो काढतात, पण रस्ते हा शेवटचा भाग झाला. आधीचं काम बघायला पाहिजे. घरोघरी कचरा घ्यायची सुरुवात अख्ख्या शहरात एकदम नाही केली त्यांनी, आधी थोडे वॉर्ड घेतले, तिथे घडी बसवली, मग वाढवत वाढवत 85 वॉर्डांपर्यंत गेले. स्वयंसेवी संस्थांची माणसं दारोदार फिरून समजावत होती, गाडी रोज येते हा विश्वास बसला आणि मग रस्त्यावरच्या कचराकुंड्या उचलल्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आधी कुंड्या उचलल्या गेल्या, घंटागाडीचा पत्ता नाही, मग त्याच कोपऱ्यावर परत ढीग.

ती गाडीसुद्धा जवळून बघण्यासारखी आहे. ओला वेगळा, सुका वेगळा, डायपर-सॅनिटरी पॅडचा कप्पा वेगळा, घातक कचऱ्याचा वेगळा. घरात वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र होतच नाही, त्यामुळे बाईलाही वाटतं की आपण घेतलेले कष्ट वाया जात नाहीयेत. देवगुराडियाच्या डेपोवर वर्षानुवर्षं साठलेला सुमारे 13 लाख टन कचरा त्यांनी बायोमायनिंग करून, म्हणजे जुना ढीग उपसून, चाळून, वेगळा करून हटवला, तेही बरीचशी मशिनरी भाड्याने घेऊन. आणि ओला कचरा स्वच्छ मिळतो म्हणूनच तिथे ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा, दिवसाला 550 टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू होऊ शकला. वर्गीकरण नसेल तर असा प्लांट नुसता बांधून काही उपयोग नाही. नवीन नगरसेवकांनी हे अगदी पाठ करून ठेवावं असं मला वाटतं.

आता अडचण कुठे येते बघा. आपल्या कायद्यात महापौर शहराचा पहिला नागरिक, पण अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे. मुदत अडीच वर्षं, त्यात कोण महापौर होणार हे आधी आरक्षणाच्या सोडतीवर. म्हणजे महापौर परिषदेला जाऊन छान काहीतरी ऐकून आले तरी पुढे आयुक्तांना पटवायचं, स्थायी समितीतून पैसे मंजूर करून घ्यायचे, सर्वसाधारण सभेत विषय आणायचा, आणि तोपर्यंत मुदत संपत आलेली. म्हणून एकट्या पदाधिकाऱ्याने जाण्यात अर्थ नाही, सोबत आरोग्य विभागाचा अधिकारी हवा, पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर हवा, आणि शक्य असेल तर एखादा मुकादमसुद्धा हवा, कारण गाडी किती वाजता सुटते आणि डिझेल कोण भरतं हे प्रश्न त्यालाच सुचतात.

मानेसरमध्ये बिर्लांनी एक सूचना केली होती, संसदेसारखा स्थानिक संस्थांच्या सभागृहातही प्रश्नकाळ आणि शून्यकाळ, म्हणजे तातडीचे विषय मांडायची राखीव वेळ, असावा. साधी वाटते, पण ज्यांनी पालिकेची सभा गॅलरीत बसून बघितलीये त्यांना कळेल हे किती गरजेचं आहे. श्रद्धांजली वाहिली की सभा तहकूब, पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर ढीगभर विषय, आणि शेवटी ऐनवेळचे विषय चर्चेशिवाय मंजूर. करोडोंचे निर्णय असे होतात. पहिल्यांदा निवडून आलेल्या ताईंना तासभर हक्काने प्रश्न विचारता आला तर अर्धी लढाई तिथेच जिंकली.

आणि शिकायला नेहमी लांबच जायला पाहिजे असंही नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ नावाची कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, 2008 पासून महापालिकेसोबत करार करून घरोघरी कचरा गोळा करते, नागरिक शुल्क थेट वेचकांना देतात. ज्या बाया आधी उकिरड्यावर वेचायच्या त्यांना ओळखपत्र आणि हक्काचं काम मिळालं. कराडजवळचं मलकापूर घ्या, छोटंसं गाव, तिथे मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं. नागपूर सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देतं. परिषदेत आपल्या लोकांनी फक्त वही घेऊन बसू नये, या गोष्टी आकड्यांसकट मांडाव्यात.

केरळकडून अजून एक घ्यावं. तिथे त्रिशूरजवळ किला नावाची संस्था आहे, निवडून आलेल्या सदस्यांना कायदा, बजेट, योजना हे पद्धतशीर शिकवते, आणि 1996 च्या लोकनियोजन मोहिमेपासून राज्याच्या योजना निधीतला मोठा हिस्सा स्थानिक संस्थांकडे जातो. आपल्याकडेही पुण्यात यशदा ही सरकारी प्रशिक्षण संस्था आहे, मुंबईत 1926 सालची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे, फक्त नगरसेवकांनी तिथे वेळ काढून बसलं पाहिजे.

तुमच्या शहरातून कोणी असा दौरा किंवा परिषद करून आलं असेल तर त्यांना तीन गोष्टी नक्की विचारा. तिकडे या कामाला वर्षाला किती खर्च येतो, तो पैसा कुठून येतो, आणि आपल्याकडे पहिला प्रभाग कुठला घेताय. उत्तर लेखी मागा आणि तो अहवाल पालिकेच्या वेबसाइटवर टाकायला लावा.